वीतभर मातीचा मळा



भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली संध्याकाळची लाँच मोरा बंदराला लागली, की उतरणाऱ्यांच्या हातांकडे जरा लक्ष देऊन पाहा. डबे असतात, छत्र्या असतात, आणि बऱ्याच हातांत पिशव्या असतात. त्या पिशव्यांतून मेथीची, नाही तर कोथिंबिरीची जुडी डोके बाहेर काढून बसलेली असते. मुंबईला भाजी पुरवावी इतक्या जवळ असलेले हे गाव मुंबईहून भाजी आणते. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि उरणपर्यंतची रेल्वेही त्याच दिवशी सुरू झाली. वाटा वाढल्या, पण जुडीचा प्रवास उलटा झाला नाही. नाशिक-पुण्याकडची भाजी वाशीच्या बाजारात यायची, तिथून आपल्या नाक्यावर यायची आणि मग आपल्या कढईत पडायची. तोवर तिची पाने मान टाकतात, आणि वाटेतल्या प्रत्येक हाताची मजुरी आपल्या खिशातून जाते.

असे का व्हावे? कारण साधे आहे. एके काळी पनवेल तालुक्याचा महाल असलेला हा उरणचा भाग मुळात खाड्यांनी वेढलेला. डोंगराकडे गेलात तर कातळ आणि मुरूम. खाली उतरलात तर भाताची खाचरे. त्याच्याही खाली गेलात तर खारी जमीन आणि मिठागरे. भाजीपाल्याला योग्य अशी खोल, भुसभुशीत जमीन मुळातच थोडी. त्यात १९७० पासून नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादन होऊ लागल्या. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झाले, गोळीबार झाला, पाच माणसे हुतात्मा झाली. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. हा इतिहास तुम्हांला मी सांगावा असे नाही, तुमच्यापैकी कित्येकांनी तो अंगावर घेतला आहे. आज अनेक घरांपाशी उरले आहे ते काय? घराच्या मागची चार पावले जागा. आणि तीही बहुधा भरावाची, नाही तर खारवट.

अशा माणसाला ‘परसबाग करा’ म्हणून उपदेश करणे सोपे आहे. तो म्हणेल, “सर, जागा दाखवा, मग बोला.” आजचे माझे बोलणे त्या माणसासाठी आहे. मला एवढेच सांगायचे आहे, की पालेभाजीला जमीन लागते हा आपला समज अर्धाच खरा आहे. तिला लागते ती माती, आणि तीही वीतभर. जमीन करणे माणसाच्या हाती नाही. वीतभर माती करणे मात्र आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. मातीचे प्रकार फळ्यावर लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. मोऱ्याला बिऱ्हाड केले तेव्हा घरामागे थोडी मोकळी जागा मिळाली. कुदळ मारली तर दोन बोटांखाली मुरूम! मी विचार केला, खाडीकाठचा काळा गाळ किती सुपीक दिसतो, तोच आणून टाकू. दोन दिवस घमेल्याने गाळ वाहिला, छान वाफा केला आणि मेथी पेरली. शेजारच्या आजी कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “मास्तर, ह्यो खारा चिखल. ह्यात भाजी नाय व्हायची.” मी हसलो. मेथी उगवली खरी, पण दोन पानांची झाली न झाली तोच कडा करपू लागल्या. वाफा सुकला तेव्हा त्याच्यावर पांढरे पीठ भुरभुरल्यासारखे दिसू लागले. ते मीठ होते. वर्गात मी खारवट जमिनीवर तासभर बोलत असे, आणि माझ्याच परसात ती मला ओळखता आली नव्हती. आजी मात्र पुन्हा काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

हे मीठ वर कसे येते ते समजून घेऊ, कारण सगळी युक्ती तिथेच आहे. दिव्याच्या वातीतून तेल जसे वर चढते, तसे खालचे खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते. ऊन लागले की पाणी उडून जाते आणि मीठ तिथेच राहते. पावसाळ्यात वरून गोडे पाणी पडते, ते मीठ पुन्हा खाली धुऊन नेते. म्हणून खार जमिनीत पावसाळी भात होते आणि उन्हाळ्यात तीच जमीन पांढरी पडते. आपल्या पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ते केंद्र. तिथे खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती काढल्या गेल्या, आणि त्यांना पनवेलचेच नाव दिले गेले. भाताचे असे झाले. पण घेवडा, गाजर, कांदा यांना खारटपणा मुळीच सोसत नाही. बीट सोसते, पालक त्यातल्या त्यात सोसतो, इतकेच.

आता दुसरी बाजू पाहू. मेथीचे, कोथिंबिरीचे, लाल माठाचे रोप उपटून पाहा. अन्न घेणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या सहा-आठ इंचांतच पसरलेली असतात. म्हणजे खाली कातळ असो, मुरूम असो की खार असो, त्याच्यावर सहा-आठ इंच चांगली माती ठेवता आली, पावसाचे पाणी त्यातून निथळून गेले आणि खालच्या मिठाची वात मध्येच तोडता आली, की काम झाले.

अशा उंच केलेल्या वाफ्याला आपल्याकडे गादीवाफा म्हणतात. तो आपल्याला नवा नाही. भाताची रोपे करण्यासाठी तो केला जातो. १९५३ च्या सुमारास जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम देशभर निघाली. तिचे आरंभीचे प्रयोग आपल्या शेजारी, बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले होते. त्या पद्धतीतली एक महत्त्वाची शिकवण हीच होती, की रोपे उंच वाफ्यावर करा, म्हणजे पाणी साचून ती कुजणार नाहीत. तेव्हा रोपासाठी जे आपण करतो, तेच भाजीसाठी करायचे. फरक एवढाच, की इथे माती खालून उकरून वर घ्यायची नाही. खालची माती नकोच आहे आपल्याला.

मापे सांगतो, लिहून घ्या. रुंदी तीन फूट, त्याहून जास्त नको. दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, कारण वाफ्यावर पाय द्यायचा नाही. पाय पडला की माती दबते, आणि भुसभुशीतपणा गेला की सगळेच गेले. लांबी दहा फूट धरा. जागा कमी असेल तर पाच फूट करा. कड म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांचा एकच थर पुरतो. चिरे नसतील तर विटा, दगड, पोफळीच्या फाळ्या, जे घरात असेल ते. जागा अशी निवडा की दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल. माडाच्या दाट सावलीत पालेभाजी नुसती लांबते, भरत नाही.

भरण असे करावे. अगदी तळाला नारळाची सोडणे पसरावीत, दोन-तीन इंचांचा थर. सोडणे नसतील तर विटांचे तुकडे किंवा खडी. हा थर दोन कामे करतो. जास्तीचे पाणी खाली जाऊ देतो आणि खालचे खारे पाणी वर चढू देत नाही. वात तोडणे म्हणालो ते हेच. त्याच्यावर सुका पालापाचोळा आणि भाताचा पेंढा चांगला दाबून घालावा, आणि त्याच्यावर शेणकाला शिंपडावा. मग वरच्या भागात दोन घमेली माती आणि एक घमेले चांगले कुजलेले शेणखत, या हिशेबाने मिसळून भरावे. दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि आठ इंच खोल, म्हणजे एकंदर वीस घनफूट. आपल्या घमेल्याने मोजाल तर चाळीस-पन्नास घमेली भरण झाले. एकट्याने दोन संध्याकाळींत होते, मुलाबाळांनी हात लावला तर एका संध्याकाळीत.

यात घाई मात्र करू नये. पाला कुजताना वाफा खचतो आणि कुजण्याच्या भरात तो रोपांच्या वाट्याचे नत्र आपल्याकडे ओढतो. म्हणून दसऱ्याच्या सुमारास वाफा भरावा, तीन-चार आठवडे ओलसर ठेवून बसू द्यावा, खचला तितका पुन्हा भरावा आणि दिवाळीनंतर पेरावे. माती कुठली घ्यावी? खाडीचा गाळ नको, हे मी पैसे न मोजता पण घाम मोजून शिकलो आहे. घराच्या कामात निघालेली तांबडी माती, बांधावरची माती चालते. शंका असेल तर मूठभर माती पेलाभर गोड्या पाण्यात घालून ढवळावी आणि थोडी आधी मूठभर मेथी त्या मातीत टाकून पाहावी. आठ दिवसांत पाने करपली तर माती सांगते आहे ते ऐकावे. शेतकऱ्यांना मृद् तपासणीची सोय आहे, तीही वापरावी.

कोळीवाड्यातल्या माझ्या भगिनींना दोन गोष्टी सांगतो. ताज्या मासळीचे धुण्याचे पाणी भरपूर गोडे पाणी मिसळून अधूनमधून घालायला हरकत नाही. पण खारवलेल्या मासळीचे पाणी वाफ्याजवळही नेऊ नका. दुसरे म्हणजे, कोवळ्या भाजीचा पहिला शत्रू कीड नव्हे, कोंबडी! ती दहा मिनिटांत वाफा विस्कटते. त्याला उपाय तुमच्याच घरी आहे. जुने, टाकाऊ जाळे गोड्या पाण्यातून दोनदा खळबळून काढा आणि चार काठ्यांवर वाफ्याभोवती ताणा. कोंबडीही थांबते आणि बकरीचे तोंडही.

पाण्याचा हिशेब ऐकून अनेकांना नवल वाटेल. हिवाळ्यात या तीस चौरस फुटांच्या वाफ्याला दिवसाला साधारण चौदा लिटर पाणी लागते. म्हणजे एक हंडा. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी त्यात धरले तर हंडाही पुरा लागत नाही. साबणाचे पाणी मात्र घालू नये. त्यातला सोडा माती घट्ट आणि खारट करतो. समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते. ते घालाल तर केलेली माती तुम्हीच बिघडवाल. म्हणून हा वाफा दिवाळीपासून होळीपर्यंतचा आहे असे समजा. उन्हाळ्यात त्याच्यावर पेंढा पसरून त्याला विश्रांती द्यावी.

काय पेरावे? मेथी आणि लाल माठ पंचवीस-तीस दिवसांत हाती येतात. पालक महिना-सव्वा महिन्यात कापणीला येतो आणि पुन्हा फुटतो. कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. धणे अख्खे पेरू नयेत, चपलेखाली रगडून दोन फोडी कराव्यात आणि रात्रभर भिजवावेत. कांदापात, लसूणपात, चुका हेही चालते. आणि आता सर्वांत महत्त्वाचे ऐका, बरं का. सगळा वाफा एकाच दिवशी पेरू नका. बहुतेक जण इथेच चुकतात. एकदम पेरले की एकदम तयार होते, चार दिवस घरात मेथीच मेथी, आणि मग महिनाभर वाफा रिकामा. वाफ्याचे चार भाग करा. दर आठवड्याला एक भाग पेरा. पाचव्या आठवड्यात पहिला भाग निघतो, तो लगेच पुन्हा पेरा. म्हणजे दर आठवड्याला एक-दोन वेळची ताजी भाजी घरात येते, आणि होळीपर्यंत येत राहते.

वांगी, टोमॅटो, दुधी, भोपळा यांना हा उथळ वाफा पुरत नाही. त्यांना फूट-दीड फूट खोली हवी. फारच हौस असेल तर एका कोपऱ्यात चिऱ्यांचे दोन थर करून एकच रोप लावा. पावसाळ्यात आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्या माऱ्यात कोवळी मेथी टिकत नाही. तेव्हा वाफ्यात भेंडी लावावी, कडेला दोडका-काकडी लावून मांडवावर चढवावी, आणि सांडपाणी जिथे साचते तिथे अळू. मावा पडला तर लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची पूड रात्रभर भिजवून, गाळून फवारावी.

आता तुम्ही म्हणाल, की आमच्याकडे चार पावलेही जागा नाही, वर नुसती गच्ची आहे. तर खाडीपलीकडचे एक उदाहरण सांगतो. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज कामगारांचे जेवण शिजे आणि भाजीची देठे-साले ढिगाने निघत. तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ साली त्या कचऱ्याचेच खत करून स्वयंपाकघराच्या गच्चीवर भाजी आणि फळझाडे वाढवायला घेतली. यामागची विद्या आपल्याच महाराष्ट्रातली. कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि शेतकऱ्यांनाच प्रयोग करायला लावले. पालापाचोळ्यातून, काडीकचऱ्यातून माती घडवता येते, हे त्यांनी लोकांच्या हातून करून दाखवले. मुंबईत डॉ. दोशी यांनी उसाचा चोथा वापरून तीच वाट शहरात नेली. पण गच्चीवाल्यांनो, एक सावधगिरी! ओल्या मातीचे एक घनफूट पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. म्हणजे आपला दहा फुटी वाफा जवळजवळ हजार किलोंचा झाला. तेव्हा गच्चीवर निव्वळ माती मुळीच भरू नका. कुजलेला पाला आणि चोथा यांचे हलके भरण करा, वाफे लहान आणि भिंतीलगत ठेवा, आणि आधी जाणकार बांधकामवाल्याला विचारा.

जगात ज्यांना ज्यांना पाण्याने किंवा क्षाराने जमीन नाकारली, त्यांनी असेच केले आहे. मेक्सिको शहराजवळ सोचिमिल्को येथे शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी उथळ तळ्यात गाळ आणि वनस्पतींचे थर रचून उंच वाफे उभे केले. त्यांतले काही आजही पिकतात. बांगलादेशाच्या दक्षिण भागात जलपर्णीचे थर दाबून तरंगते वाफे करतात आणि त्यांच्यावर भाजी घेतात. त्यांच्यापुढे आपला चिऱ्यांचा वाफा म्हणजे पोरखेळच म्हणायचा.

शिक्षकबंधूंनो, शिक्षकभगिनींनो, आता दोन शब्द तुमच्याशी. शाळांमधून पोषण-परसबागा कराव्यात अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आली. कित्येक शाळांत ती उत्तम चालते. पण काही ठिकाणी फलक राहतो आणि बाग वाळते. त्याचे कारण बहुतेकदा सुट्टी हे असते. दिवाळीच्या सुट्टीआधी पेरलेले कोणी पाहायचे? म्हणून सुट्टीआधी वाफा भरून ठेवा, सुट्टीनंतर पेरा. वाफ्यातून भाजी तर मिळेलच, पण धडेही मिळतील. वीस घनफूट म्हणजे किती घमेली, हे गणित मुलांनी घमेल्यानेच सोडवावे. ओल्या फडक्यात वीस दाणे ठेवून किती उगवले ते मोजले, की शेकडेवारी समजते. खाऱ्या मातीतली आणि गोड्या मातीतली मेथी दोन करवंट्यांत शेजारीशेजारी वाढवली, की जो धडा शिकायला मला प्राध्यापक व्हावे लागले, तो चौथीतल्या मुलाला पंधरा दिवसांत कळेल.

आणि हे सगळे कशासाठी? २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नाही, त्यांना पंडुरोग आहे. नुसत्या पालेभाजीने तो बरा होईल असे मी म्हणणार नाही. त्यासाठी दवाखान्याच्या गोळ्या घ्याव्याच लागतील. पण ज्या घरात भाजी विकत आणावी लागते, त्या घरात ती शेवटी कोणाच्या ताटात कमी पडते, हे आपण सर्व जाणतो. दाराशीच वाफा असला, तर निदान मूठभर माठ आईच्याही ताटात पडेल. त्यावर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातले लोह अंगी लागायला मदत होते.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. गेलेली शेती या वाफ्याने परत येत नाही. खाचराची बरोबरी तीस चौरस फूट कसे करतील? वाफ्याने घर चालत नाही, तांदूळ पिकत नाही, आणि हक्काच्या मागणीला वाफा हे उत्तरही नाही. पण ज्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या मातीची सवय आहे, ते हात रिकामे राहिले की जाणती माणसे कमी होत जातात. आमच्या आजींनी चिखल नुसता पाहून ओळखला. ती ओळख पुस्तकात नाही. ती त्यांच्या नातवंडांच्या हाती यायची असेल, तर हात मातीत असले पाहिजेत.

दुसऱ्या वर्षी मी वर सांगितल्याप्रमाणे वाफा केला. सोडणे आजींनीच दिली. माघात पहिली चांगली जुडी निघाली, ती घेऊन मी कुंपणापाशी गेलो. त्यांनी एक पान तोडून चावले, जरा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “आता गोडी आहे.” महाविद्यालयात मला अनेक प्रशस्तिपत्रे मिळाली असतील, पण हे मी जपून ठेवले आहे.

येत्या दसऱ्याला सोने लुटून झाले, की घरामागे जाऊन तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब जागा आखा. पुढचे आपोआप सुचेल.